होबार्टला अडकलेली अकरा पत्रं

सोमवार, १० मे

ऑस्ट्रेलियात, होबार्टला येऊन तीन दिवस झाले. इथे मे म्हणजे थंडी; पायांची बोटं अजून गरम झालेली नाहीत. एनिड पायबसकडे राहते आहे. एनिड चौऱ्याहत्तर वर्षांची, संग्रहालयातून कधीच निवृत्त झालेली, तरी रोज तिथे जाऊन सगळ्यांना कामाला लावते. तिथल्या तळघरात आमच्या टोंगातल्या जुन्या चटयांची एक पेटी सापडली, उंदरांनी कुरतडलेली. सहा आठवड्यांत मी त्या सांधायच्या, म्हणून मला बोलावलं आहे.

आज लोसाचं पत्र आलं. लोसा माझ्या धाकट्या भावाची, सातेकीची मुलगी. हा लॅपटॉप तिनेच मला दिला आणि ईमेलही तिनेच शिकवली. लिहिते, "आत्या, फेलेतीच्या घरचे २९ तारखेला हापाई बेटावरून बोटीने येतायत, मागणी घालायला. बाबा म्हणतात, आत्याचा शब्द आल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही. तुझ्या मनात काय आहे?"

पोरीने रीत पाळली. भावाच्या मुलीच्या लग्नात आत्याचा शब्द पहिला, आत्याची जागा सगळ्यांत वर. लगेच उत्तर लिहिलं: "हो. मुलगा चांगला आहे, कान जरा मोठे आहेत पण ते केसांत झाकतील. माझ्या आईची चटई पेटीतून काढून दोन दिवस उन्हात घाल. तुझं घर भरलेलं राहो."

पाठवायचं बटण दाबलं. लॅपटॉप बराच वेळ विचार करत बसला आणि मग इंग्रजीत म्हणाला, सर्व्हरने पत्र पुढे पाठवण्यास नकार दिला आहे. पुन्हा दाबलं. पुन्हा नकार.

नकार हा शब्द मला आवडला नाही. बिघाड म्हणाला असता तर गोष्ट वेगळी होती. नकार कुणीतरी देतं.

मंगळवार, ११ मे

पासवर्ड पुन्हा टाकला. लॅपटॉप बंद करून चालू केला. मग एनिडच्याच संग्रहालयातल्या पत्त्यावर एक पत्र पाठवून पाहिलं, "चहा झाला का?" एवढंच. तेही नाकारलं, ते लगेच पुसून टाकलं. एनिड माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसून टोस्ट खात होती.

चौतीस वर्षं नेयाफूच्या मुलींच्या शाळेत शिकवलं. कॉपी करणारी पोरगी मला मानेच्या कोनावरून कळायची. तेव्हा डोकं शांत ठेवून विचार केला. आलेली पत्रं येतायत, म्हणजे तार ठीक आहे. जाणारी मात्र एकही जात नाही. म्हणजे कुणीतरी दार एकाच बाजूने लावून घेतलं आहे.

नेयाफूत ईमेलचं दुकान एकच आहे आणि ते किटिओनेचं आहे. आमच्या भागातली सगळी पत्रं त्याच्या यंत्रातून जातात-येतात. घरी कुणाकडे लॅपटॉप नाही. पत्र आलं की किटिओने ते कागदावर छापतो आणि शेजारी बाजारात भाजी विकणाऱ्या आपल्या बहिणीच्या हाती देतो. ही बहीण म्हणजे सुलिएती, माझ्या सातेकीची बायको.

आमच्यात बहिणीने सांगितलेलं भाऊ कधी मोडत नाही. सुलिएतीने भुवई उचलली तरी किटिओने दुकान उलटं टांगेल. पाणी इथेच मुरतंय असं वाटतं. पण का, ते अजून कळत नाही.

गुरुवार, १३ मे

संग्रहालयाचा संगणक बघणारा माणूस नेव्हिल. त्याचा गुडघा बदलला आहे, ३ जूनपर्यंत रजेवर. एनिडने घरी फोन लावून दिला.

"बंद करून चालू केलंत?"

"केलं."

"दुसऱ्या जागेवरून पाहिलंत?"

"नाही."

"बघा. नाही झालं तर मी येईपर्यंत दम धरा. माझा गुडघासुद्धा माझं ऐकत नाही सध्या."

गंमत करायची सवय आहे त्याला. मला दम धरायला जमत नाही हे त्याला काय माहीत.

शनिवार, १५ मे

वाचनालयात जाऊन पाहिलं. एनिडच्या घरच्या फोनच्या तारेवरून पाहिलं. संग्रहालय धरून तिन्ही ठिकाणी तेच वाक्य, शब्दाला शब्द. तीन मुलींच्या वहीत एकच उत्तर आलं की आम्ही काय समजत होतो? पढवलेलं आहे.

आणि आज कारणही सापडलं. लोसाने लिहिलंय, "ऑकलंडहून पिसिला मावशी आली. आईने तिला मुद्दाम बोलावून घेतलंय. ती आल्यापासून घरात फक्त चटयांचंच बोलणं चालू आहे." पुढे लिहिलंय, "आत्या, माझं पहिलं पत्र मिळालं ना?"

पिसिला सुलिएतीची थोरली बहीण. ऑकलंडला तिचं मोठं घर आहे, सोन्याचा दात आहे, आणि चटया तिच्याकडे माझ्याहून जास्त आहेत. मुलीकडच्या मानाच्या जागी आत्या बसते, मावशी नाही. मावशी चुलीपाशी. पण आत्याचा शब्दच आला नाही, आत्या रुसली आहे, असं झालं तर? जागा रिकामी तर ठेवता येत नाही. मग कुणाला तरी बसवावं लागेल, नाही का.

आत्याबाईला मिशा असत्या तर काका झाली असती म्हणतात. इथे मावशीला आत्या करायचं चाललं आहे.

दुसरं पत्र लिहिलं: "तुझं पत्र मिळालं. माझा होकार आहे. माझं उत्तर तुला मिळू नये अशी कुणाची तरी इच्छा दिसते." नाकारलं. दोन्ही पत्रं जाणाऱ्या पत्रांच्या कप्प्यात एकाखाली एक उभी आहेत. पुसून टाकत नाही. पुरावा आहे.

सोमवार, १७ मे

एनिडला सगळं सांगितलं. म्हणाली, "अगं, मग फोन कर की. ह्यात एवढं काय?"

तिला कसं समजावणार? फोन सातेकीच्या घरात, त्याच्या खुर्चीजवळ. तो माझा सख्खा भाऊ, पण वयात आल्यापासून आम्ही दोघं एका खोलीत बसलेलो नाही. त्याने फोन उचलला आणि मी त्याच्याशी त्याच्या मुलीच्या लग्नाचं बोलले, तर त्याला फोन टाकून घराबाहेर जावं लागेल. बहिणीसमोर भावाने असले विषय काढायचे नसतात, आणि बहिणीनेही. शिवाय विचारायला त्यांनी यायचं. मी फोन करून "मला विचारा हो, मला बसवा हो" म्हणू?

संग्रहालयातली टपाल बघणारी बाई म्हणाली, "माझ्या पत्त्यावरून पाठवते मी." आत्याचा होकार परक्या बाईच्या नावाने जाणार? सुलिएती ते पत्र सगळ्यांना दाखवत हिंडेल, की बघा, वन्संना स्वतः लिहायलासुद्धा फुरसत नाही. नको म्हटलं. साधं टपाल पोचायला तीन आठवडे लागतात, तोवर बोट येऊन गेलेली असेल.

"तुमच्या घरात लग्न कसं लागतं देव जाणे," एनिड म्हणाली. "आमच्याकडे नवरी आईलासुद्धा विचारत नाही."

तिसरं आणि चौथं पत्र लिहिलं. चौथ्यात सुलिएतीबद्दल दोन शब्द जास्त झाले.

शुक्रवार, २१ मे

लोसाचं पत्र, दीडच ओळ. "आत्या, तू काहीच बोलत नाहीस. आम्ही समजलो. तुझा मान आम्ही मोडणार नाही."

काय समजलात? दहा मेपासून बोलते आहे मी. चार पत्रं बोललेय.

आधी "तुझ्या मनात काय आहे" म्हणणारी पोरगी आता "आम्ही समजलो" म्हणते. हे वाक्य तिचं नाही. तिची भाषा मला माहीत आहे, मी तिला लिहायला शिकवलं आहे. शेजारी उभं राहून कुणीतरी सांगितलं आहे.

पाचवं पत्र लिहिलं, फक्त "कोण आहे तुझ्या शेजारी?"

रविवार, २३ मे

एनिडबरोबर तिच्या चर्चमध्ये गेले. माणसं अठरा, त्यातली गाणारी चार, आणि त्या चारांतलीही एक मीच. आमच्या नेयाफूत असं गायलं असतं तर पाद्रीबाबांनी दारं लावून घेतली असती.

प्रवचन चालू असताना उगाच वाइमोआनाची आठवण झाली. १९८१ साली तिला आणि तिच्या बाकावरच्या मुलीला मी कॉपीबद्दल वर्गाबाहेर काढलं होतं. दोघींची उत्तरं तंतोतंत सारखी. नंतर कळलं, दोघींना एकच आजी शिकवत होती. वाइमोआना पुन्हा शाळेत आली नाही. आता तिला नातवंडं आहेत. बाजारात भेटली की मान खाली घालून नमस्कार करते, आणि मी भाव करायच्या निमित्ताने दुसरीकडे बघते.

पण ती गोष्ट वेगळी होती.

बुधवार, २६ मे

सुलिएतीचं स्वतःचं पत्र आलं. लग्न होऊन आमच्या घरी आल्यापासून सव्वीस वर्षांत पहिलं. जसंच्या तसं उतरवते:

"वन्सं, तुमची जागा तशीच ठेवली आहे. तिथे कुणी बसणार नाही, मी बसू देणार नाही. पिसिलाने दोन नव्या चटया आणल्या आहेत, त्या तुम्हाला आवडतील. ह्यांची जेवणावरची वासना गेली आहे. तुमची तब्येत सांभाळा. थंडीत मोजे घाला."

किती गोड. मोजे घाला म्हणे. जागा तशीच ठेवली म्हणजे आत्या नसली तरी कार्य आम्ही उरकून घेतो, असंच ना? "कुणी बसणार नाही" हे आधी कुणी सुचवल्याशिवाय माणूस लिहीत नाही. आणि पिसिलाच्या चटया मला आवडतील म्हणजे माझ्या आईच्या चटईचं काय केलंत? सातेकी जेवत नाही, म्हणजे त्याला हे पसंत नाही. पण बायको आणि मेहुणी दोन्हीकडून, बिचारा करणार काय.

एनिडला पत्राचा अर्थ इंग्रजीत सांगितला. ती म्हणाली, "मला तर बाई चांगली वाटतेय."

"तुला मी सोडून सगळेच चांगले वाटतात."

"तू पण वाटतेस. सकाळी दहानंतर."

सहा, सात आणि आठ नंबरची पत्रं आजच लिहिली. सातवं सुलिएतीलाच: कानामागून आली आणि तिखट झाली. तिच्या माहेरी कसे भोकाच्या चटईवर पाहुणे बसवतात इथपासून सुरू करून सव्वीस वर्षांचं सगळं बाहेर काढलं. लिहून झाल्यावर बरं वाटलं. जाणार नाहीच, हेही ठाऊक होतं.

शनिवार, २९ मे

आज बोट आली असेल. हापाईची माणसं धक्क्यावर उतरली असतील, आमच्या रीतीप्रमाणे कमरेला मानाच्या चटया गुंडाळून, हातात काव्ह्याची, मानाच्या पेयाची, मुळं घेऊन. सातेकीच्या अंगणात डुकरं भाजायची भट्टी लागली असेल. पिसिला बसली असेल सोन्याचा दात दाखवत, माझ्या जागेवर, माझ्या आईच्या चटईवर.

दिवसभर संग्रहालयात सुई हातात धरता आली नाही. एका चटईच्या कडेला लाल पिसं आहेत. शंभर वर्षांपूर्वी कुणा आत्येसाठी विणली असेल. तिला असं कुणी डावललं असेल का?

लॅपटॉप उघडला. कुणाचं पत्र नाही. आजच्या दिवशी एक ओळसुद्धा नाही.

नववं पत्र लोसाला लिहिलं. इथे त्यातलं सगळं लिहीत नाही. शेवटचं वाक्य असं होतं: "ज्या लग्नात आत्याची जागा दुसरीला दिली, त्या लग्नाच्या कुशीत काही रुजत नाही, हे तुझ्या आजीने तुला सांगितलेलं आहे."

आमच्यात हे वाक्य आत्या सहजी बोलत नाही. आत्याच्या तोंडचं खरं होतं असं म्हणतात. फालेव्हाई गावच्या म्हातारीने भाच्यावर रागावून म्हटलं होतं, त्याच्या घरात पाळणा हलला नाही. तिला स्वतःला फार पश्चात्ताप झाला, पण शब्द परत घ्यायच्या आधीच ती गेली.

मी बटण दाबलं. नाकारलं. मला नाकारलं जाणार हे माहीत होतं म्हणूनच दाबलं. माहीत नसतं तरी दाबलं असतं का, ह्याचं उत्तर आज लिहीत नाही.

रविवार, ३० मे

डोकं दुखतंय. चर्चला गेले नाही. एनिडने लॅमिंग्टनचा केक आणून दारात ठेवला.

मंगळवार, १ जून

दहावं, अकरावं. दोन्ही किटिओनेला. "आत्याचं तोंड बांधणाऱ्याचे हात" वगैरे. वाचून पाहिलं तर शाळेतल्या नाटकासारखं वाटलं.

चटई मात्र चांगली होते आहे. लाल पिसांची कड पुरी सांधली. एनिड भिंग लावून बघते आणि सांधा सापडत नाही म्हणून चिडते.

गुरुवार, ३ जून

हे नीट लिहायला हवं. 

सकाळी लोसाचं पत्र आलं. "आत्या, बाबांनी हापाईच्या लोकांना परत पाठवलं. ते म्हणाले, माझ्या बहिणीचा शब्द आला नाही, म्हणजे तिच्या मनात नाही, आणि तिच्या मनात नाही तर माझ्याकडे द्यायला मुलगी नाही. आई त्यांच्यापुढे रडली. म्हणाली, वन्सं आजारी असतील, वन्सं असं कधी करणार नाहीत. पिसिला मावशीने तुझ्यासाठी चटया आणल्या होत्या, त्या तुझ्या जागेवर घालून ठेवल्या होत्या. रिकाम्याच. फेलेतीच्या वडिलांनी त्या जागेला नमस्कार केला आणि बोटीत जाऊन बसले. मी तुझ्यावर रागावलेली नाही. माझ्यात काय कमी दिसलं तेवढं सांग."

माझ्यात काय कमी दिसलं. पोरीने हे विचारलं मला.

जागा रिकामी होती. कुणीही बसलं नव्हतं. मला फोन करून कुणी विचारलं नाही, कारण आत्येला दुसऱ्यांदा विचारायचं नसतं. मी फोन करून सांगितलं नाही, कारण आत्येने आपण होऊन सांगायचं नसतं. सगळ्यांनी माझा मान राखला, आणि मीसुद्धा माझाच राखला. त्यात लोसाचं लग्न मोडलं.

उठले आणि खाली टपालबाईच्या खोलीत फोनकडे धावले. आता सातेकीने उचलला तरी चालेल, त्याला घर सोडून जायचं तर जाऊ दे. पाच वेळा लावला. एकदाही लागला नाही. मग किटिओनेच्या दुकानाचा नंबर आठवायला लागले. आठवला, पण तोही लागेना.

वर आले तर माझ्या खुर्चीवर एक टकला माणूस, शेजारी कुबडी. नेव्हिल. आज तीन तारीख, मी विसरले होते.

"झालं तुमचं काम," म्हणाला. "दोन मिनिटांचं होतं. तुमच्या गावचा पोस्टमास्तर चांगला आहे, पण तो फक्त आपल्या दारात आणून टाकलेली पत्रं घेतो. तुम्ही होबार्टच्या रस्त्यावरून हाका मारत होता. तो कुणा अनोळखी माणसाची पत्रं का नेईल? बरोबरच आहे त्याचं. सगळीकडे असंच असतं. येणारी पत्रं त्याच्याकडून घ्यायची, जाणारी इथल्या सर्व्हरला द्यायची. एक ओळ बदलली."

"कुणी बंद केलेलं नव्हतं?"

"कोण कशाला बंद करेल?"

मग हसून म्हणाला, "आणि तुमची तुंबलेली सगळी गेली बरं का. अकराच्या अकरा, ओळीने. एवढी पत्रं कुणाला लिहिता हो, प्रियकराला?"

मी कप्पा पाहिला. रिकामा. पाठवलेल्यांच्या कप्प्यात अकरा. नववं पण.

नेव्हिलला म्हटलं, परत बोलावता येतात का. तो म्हणाला, टपालपेटीत टाकलेलं पत्र कुणी परत देतं का. तो चांगला माणूस आहे. माझा चेहरा बघून कुबडी घेऊन चहा आणायला गेला, आणि अर्धा सांडून आणला.

माझ्या लोसाच्या कुशीवर मी शब्द टाकला. ज्या लग्नात कुणी माझी जागा घेतली नव्हती, त्या लग्नावर. आणि आता तो छापला जात असेल.

शुक्रवार, ४ जून

सकाळी आठ वाजता फोन लागला. उचलला किटिओनेने. ज्याला मी तीन आठवडे चोर म्हटलं, तोच.

"अकेसा बाई? पत्रं पोचली तुमची," म्हणाला. "थांबा, सुलिएतीला हाक मारतो."

बाजारातला आवाज येत राहिला. कोंबड्या, कुणीतरी नारळ फोडत होतं. मग ती.

"वन्सं."

"सुलिएती, पत्रं."

"एकच पत्र आलं," ती म्हणाली. "दहा तारखेचं. मुलगा चांगला आहे, कान मोठे आहेत, ते. मी काल घरच्या सभेत वाचून दाखवलं सगळ्यांना. हे हसले. वीस दिवसांत पहिल्यांदा जेवले. आज सकाळी हापाईला निरोप गेला. लोसाने चटई उन्हात घातली आहे."

मी म्हटलं, "अकरा होती."

ती म्हणाली, "किटिओनेने सगळी छापली. वाचता येत नाही त्याला चष्म्याशिवाय. मी वाचली. आणि चुलीत घातली. हे आणि लोसा, कुणाला माहीत नाही. कळणारही नाही."

 तिच्या माहेरच्या भोकाच्या चटया, सव्वीस वर्षं, सगळं तिने भाजीच्या ढिगापाशी उभं राहून वाचलं.

"सुलिएती, मी..."

"एक राहिलंय, वन्सं. एक मला जाळता येईना."

कुठलं ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

बुधवार, १६ जून

काल नेयाफूला पोचले. धक्क्यावर लोसा गळ्यात पडली. फेलेतीचे कान खरंच मोठे आहेत. सातेकी नेहमीसारखा लांब झाडाखाली उभा होता. मान हलवली, मीही हलवली. पिसिलाने माझी पिशवी उचलली. सुलिएतीने जेवायला वाढलं, पाणी दिलं, हातपाय धुवायला फडकं दिलं, आणि सगळा वेळ माझ्याकडे पाहिलं नाही.

पिसिलाच्या चटया सुंदर आहेत. दोनदा तपासल्या. कुठे काही दडवलेलं नाही. सवय जात नाही.

शनिवार, २६ जून

आज लग्न. पहाटेच लू, म्हणजे अळूसारख्या तारोच्या पानांत बांधलेलं मांस, भाजायच्या खड्ड्यात दगड तापत होते. मानाच्या आत्येने त्या बाजूला फिरकायचं नसतं; तिने आत बसायचं आणि पाया पडून घ्यायचं. मी नवी चटई कमरेला गुंडाळलेली, तशीच मागच्या अंगणात गेले. बायका तारोची पानं सोडून बघायला लागल्या. सुलिएती बाजूला आली आणि कमरेच्या चटईच्या घडीतून चौघडी कागद काढला.

"मी टाकला असता आगीत," ती म्हणाली. "पण शब्द आत्येचा आहे. माझ्या हाताने कागद जळेल, शब्द जळायचा नाही. तो तुम्हीच घ्यायचा परत."

ती खरंच घाबरली होती. तीन आठवडे हा कागद अंगावर बाळगून हिने लग्नाच्या चटया मोजल्या, पाहुण्यांसाठी पानांचे पुडे बांधले, लोसाच्या केसांना तेल लावलं. मी केलेल्या अपमानाचं तिला काही नव्हतं. बाकीची नऊ जाळून मोकळी झाली होती. हिला भीती होती ती पोरीच्या पोटाची.

"काय म्हणायचं असतं?" मी विचारलं. मला खरंच माहीत नव्हतं. फालेव्हाईच्या म्हातारीच्या गोष्टीत हा भाग नाही.

"मला काय माहीत, वन्सं. आत्या तुम्ही आहात."

मी खड्ड्याजवळ बसले. गुडघे टेकून, चटईसकट. बायका बघत होत्या. कागद दगडांवर टाकला आणि मोठ्याने म्हटलं, "लोसा, मी खोटं बोलले. तुझी आई तुझ्याशी आणि माझ्याशी खरी वागली. तुझ्या घरात इतकी पोरं होऊ देत की झोपायला चटया पुरू नयेत." एवढंच सुचलं. नंतर मला रडू आलं आणि मी डोळे पुसले नाहीत.

कागद आधी काळा झाला, मग कडेने लाल, मग पांढरा. मी उठायला लागले, तर सुलिएती तशीच उभी होती, दगडांकडे बघत. एक कोपरा अजून तग धरून होता. तिने काठीने तो आत ढकलला, परत बघितलं, आणि मग माझ्या हाताकडे बघितलं, मी दुसरा काही कागद दडवला नाही ना म्हणून.

माझ्यावर लक्ष ठेवून होती. ठेवू दे.